वजनमर्यादा

उतरा सगळे. हो, काका, तुम्हीसुद्धा, काठी घेऊन.
पूल आठ टन पेलतो, बस साडेसात.
उरलेल्या अर्ध्या टनात तुम्ही चौतीस जण मावत नाही.
रिकामी बस मी पलीकडे नेते,
तुम्ही मागून चालत या.
फोटो काढा, पण मधोमध रेंगाळू नका,
मागे अजून तीन गाड्या आहेत.

ऑक्टोबरचे दहा दिवस आमची काउंटी अशी भरते.
एरवी इथे माणसांपेक्षा डुकरं जास्त.
तिकडे कोर्टासमोर तांब्याच्या हंड्यात
सफरचंदं पहाटेपासून रटरटतायत,
व्हर्ना हॉकस्टेटलर लांब दांड्याचा लाकडी ढवळणा फिरवतेय
आठाच्या आकड्यात, तळाला लागू नये म्हणून.
चर्चच्या तळघरात पर्सिमनचं पुडिंग आहे, लवकर संपतं.
आणि ज्याचं म्हणून शेत मोकळं झालंय त्याने
पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय : पार्किंग पाच डॉलर.
लेलँड म्हणतो, यंदा मक्यापेक्षा मोटारीच बऱ्या पिकल्या.

पुलाला छप्पर कशाला, हे सगळेच विचारतात.
घोडे पाण्याला बुजू नयेत म्हणून, असं पत्रकात छापलंय.
छापू दे.
ते छप्पर ना घोड्यांसाठी, ना तुमच्या-माझ्यासाठी.
तुळयांसाठी आहे.
उघडा लाकडी पूल वीस वर्षांत कुजतो,
झाकलेला शंभर सहज काढतो.
ज्याने भार वाहायचा
तो कोरडा राहिला पाहिजे, एवढंच.

एकतीस वर्षं याच रस्त्यावर मी शाळेची बस चालवली.
नियम तेव्हाही हाच.
एकोणीस पोरं इथे उतरायची,
डबे खुळखुळवत अंधारात शिरायची,
आतून किंचाळ्या, फळ्यांचा धडधडाट,
आणि उजेडात येताना सगळी अगदी शहाणी.
मी इंजिन चालू ठेवून आरशात मोजायची.
सोळा. सतरा. अठरा.

रोज अठरावर आकडा अडायचा.
रोज तोच, कोय पिकेट.
हॉर्न वाजवून वाजवून थकले, मग एक दिवस
तणतणत आत गेले कान धरायला.
तर हा पालथा पडलेला,
डोळा दोन फळ्यांच्या फटीला.
म्हणाला, मिस ओनेटा, श्श,
पाणी थांबलंय. आपण चाललोय.

मी कोटासकट आडवी झाले.
जुनं लाकूड, शेण, कबुतरं, असा सगळा वास,
आणि खाली नदी
खिळ्याने ठोकल्यासारखी जागच्या जागी,
आणि आम्ही दोघं, अख्खा पूल, छप्पर, कबुतरं,
वरच्या अंगाला निघालेलो.
अकरा मिनिटं उशीर झाला त्या दिवशी.
मुख्याध्यापकांचं पत्र आलं.
कारण म्हणून मी लिहिलं : धुकं.

पुढे पुलाची दुरुस्ती झाली.
फळ्यांचा दुहेरी थर, फट म्हणून कुठे नाही.
फक्त सातव्या खांबाशी, डाव्या अंगाला,
लाकडाची एक गाठ निसटून पडलेलं भोक आहे,
नाण्याएवढं.
कंत्राटदार म्हणतो, राहून गेलं.
त्याच्या टोळीत त्या उन्हाळ्यात कोय होता की नव्हता,
कुणी म्हणतं होता,
कुणी म्हणतं तो तेव्हा टेक्सासला होता.
त्याची आई वारली, मग विचारायचं कुणाला?

तर असं. चला, निघा आता.
ते भोक शोधू नका, पाय मुरगळेल.

...तीस. एकतीस.
काका आले, काठीला कबुतराची शीट लावून.
तेहतीस. चौतीस.
पस्तीस.

थांबा, पुन्हा मोजते.

पस्तीसच.
कुणीतरी मागच्या गाडीतलं आहे तुमच्यात,
किंवा सकाळच्याच फेरीचं, आत राहिलेलं.
असू दे, नाव नका सांगू.
चढा. एकाला उभं राहावं लागेल चौकापर्यंत.
इथून पुढे वजन कुणी विचारत नाही.